मंगळवारच्या पाण्याचा अर्ज

कॉलेजच्या ऑफिसबाहेर भिंतीवर एक निळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या रंगानं ‘विद्यार्थी तक्रार निवारण समिती’ असं लिहिलेलं आहे आणि खाली चार-पाच नावं आहेत. सहा वर्षं मी तो फळा रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत आले. ‘निवारण’ हा शब्द मला पुसता पुसताच वाचता यायला लागला. पण त्या फळ्याचा कोणाला काही उपयोग असेल, असं कधी मनात आलं नाही. भिंतीवर घड्याळ असतं, थोर माणसांच्या तसबिरी असतात, तसा तो फळा असतो, एवढंच मला वाटायचं.

त्या फळ्याचा उपयोग करणारी एकच मुलगी मी पाहिली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी देऊळघाटहून रोज काळीपिवळी जीपनं येते. झाडते, पुसते, पिण्याचं पाणी भरते, साहेबलोकांची मीटिंग असली की चहा नेते. कामाला ठेकेदाराकडून आहे. शिक्षण चौथीपर्यंत. मला सगळे मावशी म्हणतात आणि मी बहुतेक वेळा नुसती मान हलवते. बोलायची वेळ आली की शब्द घशातच बसतात. लिहिताना तसं होत नाही, कारण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

कॉलेजच्या मागे रोपवाटिका आहे. विहीर आहे, विहिरीवर मोटार आहे, आणि विहिरीला लागून एक सिमेंटचा हौद आहे. हौदाला मधोमध तडा गेला होता, म्हणून त्यात पाणी भरत नसत. त्यात फुटक्या कुंड्या आणि मोडके बाक टाकून ठेवलेले होते. रोपवाटिकेचं काम ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुली करायच्या. त्या वर्षी दोघी होत्या. एक रोहिणखेडची, एक साखरखेर्ड्याची. मी त्यांना गावाच्या नावानंच ओळखायची. आमच्याकडं सुनांनाही माहेरच्या गावानं हाक मारतात, त्यामुळं मला ते सोपं गेलं.

दोघींचं एकमेकींशी पटायचं, पण भाषेवरून चालायचं.

“तुमचं साखरखेर्डं बुलढाण्यात हाय का जालन्यात बे?” रोहिणखेडची विचारायची. “बोलतेस कशी, अर्धी इकडची अन् अर्धी तिकडची.”

“तुमचं मले-तुले लई शहाणपणाचं!” ही म्हणायची. “पुण्याला जाऊन बोल एकदा तसं, मग सांग.”

“काऊन जाऊ पुण्याले? पुण्यानं यावं इकडं.”

साखरखेर्ड्याची मुलगी बारीक, उंच, ओढणी कमरेला खोचलेली. पाइप खांद्यावर घेऊन चालायची तेव्हा पिशवीतली प्रॅक्टिकलची वही लिंबाच्या फांदीला अडकवून ठेवायची, ओली होऊ नये म्हणून. ती सायन्सला दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची वांगी-टोमॅटोची शेती. योजनेत काम करायची म्हणून तिला हॉस्टेलमध्ये राहायला मिळत होतं.

आता लाईनचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यापायी झालं. आमच्याकडं शेतीची वीज वेगळी असते, तिला सगळे लाईन म्हणतात. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. रोपवाटिकेची विहीर त्याच शेतीच्या लाईनवर. रात्री मुलींना तिकडं पाठवत नसत, म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार या दिवसाच्या लाईनवरच सगळं पाणी भागवायचं. आणि ही दिवसाची लाईन कागदावर सकाळची असली तरी यायची अकराच्या सुमाराला. जाईल कधी याचा भरवसा नाही. म्हणून रोपवाटिकेच्या सरांचा नियम होता, लाईन आली की हातातलं काम सोडून पाणी द्यायचं.

प्रॅक्टिकलही अकरालाच. मंगळवारी केमिस्ट्रीचं, बुधवारी बॉटनीचं. रोपवाटिकेचे सर बॉटनी शिकवायचे, पण प्रॅक्टिकल दुसरे सर घ्यायचे. रोहिणखेडची आर्ट्सला होती, तिला प्रॅक्टिकल नव्हतं. तिचा वार सोमवार. मंगळवार-बुधवार साखरखेर्ड्याच्या मुलीकडे.

यात काही चुकीचं आहे, हे दीड-दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. सर शेतकऱ्याच्या घरातले, त्यांच्या घरी लाईन आली की माणसं ताटावरून उठत असतील. आमच्या घरीही तेच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कणीक मळत होते, लाईन आली आणि मी पिठाच्या ओल्या हातानंच मोटारीचा खटका दाबायला धावले होते. सासऱ्यांनी हात धरला म्हणून वाचले. लाईनला कोणी ‘थांब, माझं काम आहे’ म्हणत नाही. त्या मुलीनंही म्हटलं नाही. विहिरीवरचा दिवा लागून लाईन आल्याचं दिसलं की ती लॅबच्या दारातून परत फिरायची, चपला पायात अडकवायची आणि विहिरीकडे पळायची. दीड तासानं परत जायची, तोवर प्रयोग उरकलेला असायचा.

असे केमिस्ट्रीचेच पाच प्रयोग बुडाले. मग केमिस्ट्रीच्या सरांनी वर्गात सांगितलं की ज्यांच्या वहीत सगळे प्रयोग नाहीत त्यांच्या वहीवर सही होणार नाही, आणि सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येणार नाही. त्या दिवशी ती रोपवाटिकेत आली तेव्हा तिच्या हातून कुंडी फुटली. तिच्या घरच्यांनी बोलून ठेवलं होतं, एक वर्ष जरी गेलं तरी पुढे शिकवणार नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी लॅबसमोरचा व्हरांडा झाडत होते. लाईन आली. ती दारात उभी. एकदा लॅबकडे बघते, एकदा विहिरीकडे. चपला अर्ध्या पायात, अर्ध्या बाहेर. मला राहवलं नाही.

“तू जाय आत,” मी म्हटलं. “पाण्याचं मी पाहीन.”

“नको मावशी, तुमचं काम?”

“माहं झालं.”

झालं नव्हतं. अर्धा व्हरांडा राहिला होता. पण ती आत गेली आणि मी खराटा भिंतीला टेकवून विहिरीकडे गेले. पाणी द्यायला मला शिकवावं लागत नाही. जास्वंदीला किती, गुलाबाच्या कलमांना किती, सगळं हातात बसलेलं आहे. असं मी तीन मंगळवार केलं; चौथ्याला तिनंच ऐकलं नाही, ‘तुमचं काम राहतं’ म्हणत विहिरीकडे पळाली. मला वाटत होतं, मी तिचं काम सोपं केलं. मनातून थोडी खूशही होते.

मी काय करून ठेवलं, ते मला नंतर कळलं.

पाच बुडालेले प्रयोग तसेच होते, आणि मंगळवार-बुधवार परत बुडायला लागले होते. एका दुपारी दोघी फुटक्या हौदाच्या कडेवर बसून डबा खात होत्या. मी शेजारी वाळली पानं गोळा करत होते.

“सोडून दे न कमवा-शिका,” रोहिणखेडची म्हणाली.

“सोडलं तर हॉस्टेल सुटतं.”

“मंग भांड सरासोबत. तुले काय जीभ नाही का?”

“भांडले तर सर सुटतात. मला बॉटनी त्यांच्याइतकी कोणी शिकवली नाही. मला हॉस्टेल पाहिजे, सर पाहिजेत अन् प्रॅक्टिकल बी पाहिजे.”

“अन् आभाळातला चंद्र?”

“तो राहू दे.”

मी न विचारता सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी पानं गोळा करता करता तोंडातून गेलं, “ऑफिसच्या बाहेर फळा हाय न वो. तक्रार निवारण लिहेल हाय त्याच्यावर.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. साखरखेर्ड्याची डबा बंद करून उठली आणि फळा वाचायला गेली. दोन वर्षं त्याच्यासमोरून जात होती, पण वाचला त्या दिवशी.

पण ती लगेच अर्ज घेऊन गेली नाही, हे मला फार आवडलं. आधी ती सरांकडे गेली. सर गुलाबाचं कलम बांधत होते. त्यांचं बांधून होईपर्यंत ती दहा मिनिटं सुतळी धरून उभी राहिली. मग विचारलं, “सर, दोन मिनिटं बोलायचं होतं, आत्ता बोलू का नंतर येऊ?” आणि मग शांतपणे सांगितलं की पाण्याची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच आहे, पाचाच्या वर प्रयोग बुडाले आहेत.

सर म्हणाले, “झाडाले कळते का तुह्यं प्रॅक्टिकल? लाईन आपल्या हातात हाय का?”

ती ‘हो सर’ म्हणाली आणि परत आली. तिनं तोंड पाडलं नाही, रोहिणखेडच्या मुलीजवळ सरांची नक्कल केली नाही. एक छोटी वही काढली आणि त्या दिवसापासून लिहायला लागली. तारीख, लाईन किती वाजता आली, किती वाजता गेली, कोणता प्रयोग बुडाला. मागचं आठवून लिहिलं, त्यापुढे ‘आठवून’ असं लिहिलं. जे डोळ्यासमोर घडलं त्यापुढे काही नाही. मी म्हटलं, एवढं कशाला? ती म्हणाली, “मावशी, नुसतं ‘नेहमी बुडतं’ म्हटलं तर कोणी बी म्हणेल, नेहमी म्हणजे कधी?”

पंधरा दिवसांनी तिनं अर्ज लिहिला. पहिला लिहिला तो फाडला. त्यात राग होता, असं तीच म्हणाली. दुसरा आम्हाला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की सर रोपांची मनापासून काळजी घेतात, सुट्टीच्या दिवशीही येतात, आम्ही त्यांच्याकडून खूप शिकतो. माझी तक्रार सरांबद्दल नाही, कामाच्या वेळेबद्दल आहे. मग तारखा. आणि शेवटी दोन मागण्या. पाण्याची वेळ प्रॅक्टिकलच्या बाहेर ठेवावी, आणि बुडालेले प्रयोग करून घेण्याची संधी द्यावी.

रोहिणखेडची म्हणाली, “अर्ज लिहून राह्यली का सराचा सत्कार करून राह्यली बे? शाल-नारळ तेवढं राह्यलं.”

“खरं आहे तेच लिहिलं. चांगलं आहे ते चांगलं लिहिलं, वाईट आहे ते वाईट.”

अर्ज ऑफिसात देण्याआधी ती तो सरांकडे घेऊन गेली. “सर, मी हा देणार आहे. आधी तुम्ही वाचावा असं वाटलं.” सरांनी उभ्या उभ्या वाचला. त्यांचा चेहरा उतरला. कागद परत दिला आणि म्हणाले, “द्यायचा तं दे.” मला तेव्हा भीती वाटली. माझ्या उभ्या जन्मात मी कोणाच्या विरुद्ध काही बोलायचं असेल तर त्याला ते कळू नये म्हणून धडपडले आहे. ती आधी त्यालाच सांगून मोकळी झाली.

ऑफिसच्या खिडकीशी मी पाण्याचा जार बदलत होते तेव्हा ती आली. बाबू म्हणाले, “ठेव तिथं.”

“सर, आवक नंबर टाकून द्या. अन् ह्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का.”

“कोणाच्या विरुद्ध हाय?”

“वेळेच्या.”

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं, पण शिक्का मारला. बाहेर आल्यावर तिनं तो कागद मला दाखवला. “मावशी, ही पोच. कागद द्यावा अन् पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, तुझा कागद आलाच नाही.” निळा शिक्का अजून ओला होता. तिनं फुंकर मारून वाळवला.

आठ दिवसांनी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. मॅडम, सर आणि ती. मला पाणी आणि चहा घेऊन जायला सांगितलं.

मी आत गेले तेव्हा मॅडम तिची छोटी वही वाचत होत्या. पानं उलटताना मान हलवत होत्या. मला वाटलं, आता झालं काम. तेवढ्यात सरांनी दोन रजिस्टरं पुढे केली. एक रोपवाटिकेच्या ड्युटीचं, एक केमिस्ट्रीच्या हजेरीचं.

“मॅडम, हे तीन मंगळवार पहा. इथं हिची सही हाय, अकरा ते साडेबारा पाणी दिलं म्हणून. अन् इकडं त्याच वेळी प्रॅक्टिकलला हजर. एकाच वेळी दोन्ही ठिकाणी कशी काय?”

ते रागानं बोलत नव्हते. त्यांना खरंच लागलेलं होतं. “मॅडम, मी वेळेचं ऐकून घेतलं असतं. पण खोट्या सह्या करायच्या अन् वरून अर्ज द्यायचा...”

मी ट्रे तसाच धरून दाराशी थांबले.

ते तीन मंगळवार माझे होते. आणि सह्यांचं असं होतं की सर शनिवारी रजिस्टर उघडायचे आणि सगळ्या आठवड्याच्या सह्या एकदम घ्यायचे. मुली वरून खाली ओळीनं सह्या करत जायच्या. रोज सही घ्यायला सरांना वेळ नसायचा, मुलींना घाई असायची. सगळ्यांना माहीत होतं, कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. तिनंही तशाच सह्या केल्या.

“कुठे होतीस तू?” मॅडमनी विचारलं.

“प्रॅक्टिकलला, मॅडम.”

“मग पाणी कोणी दिलं? झाडं तर वाळली नाहीत.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या काचेकडे बघत राहिली. “ते मी नाही सांगू शकत. सही माझी आहे, चूक माझी आहे.”

मॅडमनी वही बंद केली. म्हणाल्या, “सोमवारपर्यंत विचार कर. हे कळल्याशिवाय मला तुझ्या बाकीच्या तारखांवर तरी विश्वास कसा ठेवता येईल? मग अर्ज बंद करावा लागेल, आणि योजनेतून नावही कमी होईल.”

मी कप ठेवले आणि बाहेर आले. नळाखाली ट्रे धरला आणि तसाच धरून उभी राहिले.

दुपारी मी रोपवाटिकेत गेले. ती एकटीच होती, जास्वंदीची आळी करत होती.

“माहं नाव काऊन नाही सांगतलं वो?”

“तुम्ही ठेकेदाराचं माणूस. दुसऱ्याचं काम केलं म्हणून काढून टाकलं तर? मी आणखी एक वर्ष कुठंतरी काढीन. तुम्ही काय करणार?”

एवढं म्हणून तिनं खुरपं परत मातीत घातलं. कुठंतरी म्हणजे कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं. शनिवारी ती सह्या करायला आली नाही.

मॅडमकडे जाऊन सांगावं, असं माझ्या दहा वेळा मनात आलं. दारापर्यंत गेलेसुद्धा. आतून मॅडमचा आवाज आला आणि मी फरशी पुसायला लागले. पुसलेलीच फरशी परत पुसली.

रविवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी नातीच्या वहीतलं एक पान काढलं आणि लिहायला बसले. बोलता येत नाही ते लिहिता येईल, हे त्या मुलीला पाहूनच सुचलं. पहिल्या पानावर खूप काही लिहिलं, माझी चूक झाली, माफी करा, गरीब आहे. वाचून पाहिलं तर त्यात खरी गोष्ट कुठंच नव्हती. फाडलं. तिनं कसं लिहिलं होतं ते आठवलं, काय झालं, कधी झालं, एवढंच. मग लिहिलं:

‘मी कॉलेजात साफसफाई करते. तीन मंगळवारी रोपवाटिकेत पाणी मी दिलं. मुलगी प्रॅक्टिकलला गेली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानं दिलं. तिनं नाही म्हटलं होतं. रजिस्टरवर सह्या शनिवारी होतात, सगळ्या आठवड्याच्या एकदम. तिनं अर्जात लिहिलं ते खरं आहे. लाईन आली की ती लॅबच्या दारातून परत फिरते, हे मी रोज पाहिलं आहे.’

खाली सही केली. तेच दुसऱ्या पानावर उतरवून काढलं.

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या खिडकीशी उभी राहिले. बाबू म्हणाले, “मावशी, सुट्टी पायजे का?”

“नाही.”

“मंग?”

मी दोन्ही पानं पुढे केली. त्यांनी वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. कागद टेबलावर ठेवून ते दुसऱ्या कामाला लागले. मी हललेच नाही.

“आता काय?”

“पोच द्या,” मी म्हटलं.

“पोच? तुमाले कायले पायजे पोच?”

“पायजे.”

बाबू हसायला लागले. मग त्यांनी शिक्का उचलला. मी माझा कागद घेतला आणि बाहेर येऊन फुंकर मारली.

बाराच्या सुमाराला मॅडमनी बोलावलं. सर होते, ती होती. मला पाहून तिनं डोळे मोठे केले. मॅडमच्या हातात माझा कागद होता.

“हे तुम्ही लिहिलं, मावशी?”

“हो.”

“कोणी लिहून दिलं?”

“नाही. अक्षर माहंच हाय.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. “सह्या शनिवारी एकदम होतात?”

सर म्हणाले, “हो मॅडम. वेळ वाचते म्हणून... ते माझंच चुकलं.” असं ते सरळ म्हणाले. मोठ्या माणसाला विद्यार्थिनीसमोर असं म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग ते तिच्याकडे वळले. “तू मले सांगायचं न बेटा, मावशीनं पाणी देलं म्हणून.”

“मी तुम्हाला वेळेचंच सांगितलं होतं, सर,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, खाली पण घातला नाही. “तेव्हा मिटलं असतं तर मावशींना यावंच लागलं नसतं. पण मी केलं नाही त्या कामावर सही केली, ते चुकलं. ते तीन दिवस खोडते मी.” तिनं सरांचा पेन मागून घेतला आणि तीन सह्यांवर स्वतः रेघ मारली.

मॅडम म्हणाल्या, “मग आता पाण्याचं काय करायचं? लाईन तर आपल्या हातात नाही, हे सरांचं खरंच आहे.”

“हौद दुरुस्त केला तर?” ती म्हणाली. “लाईन येईल तेव्हा मोटार हौद भरील. आम्ही सकाळी सात वाजता हौदातून पाणी देऊ. झाडांना सकाळचंच बरं असतं, सरांनीच शिकवलं.”

सर एकदम सरसावून बसले. “मॅडम, हौदाचं तं मी दोन वर्षांपासून सांगून राह्यलो!”

“कोणाला?”

“ऑफिसात.”

“लेखी?”

सरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, “तोंडी.”

मॅडमना हसू आवरलं नाही. सरही हसले. ती मात्र हसली नाही, टेबलाकडे बघत राहिली. सरांचं हसू होऊ नये म्हणून तिनं ओठ दाबून धरले होते, ते मला बाजूनं दिसत होतं.

मॅडमनी माझ्या कागदावर लाल पेनानं एक ओळ लिहिली, ‘मावशींनी मदतीच्या भावनेने काम केले आहे, त्यांचा दोष नाही,’ आणि सही केली. ठेकेदाराचा माणूस दोन दिवसांनी मला म्हणालाच, “आपल्याले सांगतलं तेवढंच करत जा.” मी मान हलवली. त्याच्या हातात त्याच कागदाची नक्कल होती, म्हणून तो पुढे काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात सरांनी हौदाचा अर्ज दिला. रोहिणखेडची मुद्दाम त्यांच्या मागं गेली होती. येऊन म्हणाली, “सरानं पोच मांगतली वो मावशी! बाबू म्हणे, या कॉलेजले रोगच लागला पोचीचा.”

हौदातल्या कुंड्या आणि बाक सर आणि दोघी मुलींनी मिळून काढले. मिस्त्री येऊन तडा भरून गेला. मोटारीला ऑटो लावलं, म्हणजे लाईन आली की ती आपोआप सुरू होते. आता ड्युटीच्या सह्या रोजच्या रोज होतात. केमिस्ट्रीच्या आणि बॉटनीच्या प्रॅक्टिकलच्या सरांनी बुडालेले प्रयोग करून घ्यायला तिला शनिवारी बोलावलं. पाच शनिवार ती लॅबमध्ये एकटी उभी राहिली. शेवटच्या शनिवारी बाहेर आली ती तडक माझ्याकडे, मी जिना पुसत होते. वहीचं पहिलं पान उघडलं. छापील मजकुराखाली केमिस्ट्रीच्या सरांची सही होती.

“वाचा, मावशी.”

मी एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचलं. सगळे प्रयोग पूर्ण केले आहेत, असं त्यात होतं. ती जिन्यावर माझ्या शेजारीच बसली, ओल्या पायरीवर. ड्रेस भिजला तरी उठली नाही.

दुकानातून तिनं एक वही जास्तीची आणली होती, वर्ष परत करावं लागलं तर म्हणून. ती तिला आता लागणार नव्हती. ती मला दिली. एका बाजूला रेघा आहेत, दुसरी बाजू आकृत्यांसाठी कोरी. मी रेघांच्या बाजूला लिहिते आहे. माझी पोच याच वहीत ठेवली आहे.

परीक्षेच्या आधीचा मंगळवार मला लक्षात आहे. मी लॅबसमोरचा व्हरांडा झाडत होते. अकराच्या सुमाराला लाईन आली आणि मागे मोटार आपोआप घुमायला लागली. माझा हात थांबला, सवयीनं मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. खिडकीतून ती दिसत होती, काचेची उभी नळी डोळ्यासमोर धरून थेंब मोजत होती. मोटारीचा आवाज तिथपर्यंत जात होता. हौदात पाणी पडल्याचाही येत होता.

तिनं मान वळवली नाही.

मी सगळा व्हरांडा झाडून काढला.